अब्बांच्या ऑफिसचा प्रिंटर

प्रिंटर घेताना माणसाने दोन गोष्टी बघाव्यात. त्यावर काय छापायचं आहे, आणि छापलेला कागद कोणाच्या घरी जाणार आहे. मी फक्त मला काय हवंय तेवढं बघितलं. तो प्रिंटर आजही नांदेडच्या घरात बाहेरच्या खोलीत आहे, वर चादर टाकून ठेवलाय. विकायचं मनात येतं, पण घेणाऱ्याला काय सांगणार?

अब्बा कोर्टाच्या फाटकाजवळ टेबल टाकून बसायचे. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत. ते वाचायचे, मराठीत तर्जुमा करायचा, खाली सही करून आपला शिक्का मारायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. उर्दू वाचणारे आमच्या शहरात पुष्कळ आहेत, पण पटवाऱ्याने घाईत लिहिलेलं, ठिपके गाळलेलं, वर वाळवीने खाल्लेलं अक्षर लावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. पुढे अब्बांचे गुडघे गेले आणि टेबल घरी आलं. त्याच सुमाराला हाताने लिहिलेला तर्जुमा घ्यायला कचेरीत कुरकुर सुरू झाली, टाइप करून आणा म्हणू लागले. मी लातूरला शाळेत शिकवते, शनिवारी दुपारी बस धरून नांदेडला यायची. मी ठरवलं की अब्बांनी सांगायचं, मी लॅपटॉपवर टाइप करायचं आणि छपाई घरातच करायची. नातेवाइकांत मी मोठ्या तोऱ्यात सांगत सुटले, अब्बांना ऑफिस थाटून देतेय म्हणून.

प्रिंटरबद्दल अब्बांनी फोनवर एकच गोष्ट सांगितली होती. शाई पाण्याने जाणारी नको. ते स्वतः जन्मभर पक्क्या काळ्या शाईने लिहीत आले होते. कारणही त्यांनी सांगितलं. आपली गिऱ्हाइकं कागद घेऊन थेट कचेरीत जात नाहीत, आधी देवघरात जातात. ओल्या बोटाने चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात, तीर्थ शिंपडतात. आपल्यातलेही काही कमी नाहीत, दर्ग्यात नेऊन गुलाबपाणी शिंपडतात. मी हसले. म्हटलं, अब्बा, तुमचा जमाना दौत-टाकाचा, आता असं काही राहिलं नाही.

लातूरच्या दुकानदाराने दोन मशिनी दाखवल्या. एक लेझर, फक्त काळं छापणारी, पावडर गरम करून कागदावर बसवणारी. दुसरी बाटलीतून शाई भरायची, रंगीत. त्याने विचारलं, काय छापायचंय? मी म्हटलं, शाळेचे तक्ते, मुलांचे स्वाध्याय, आणि थोडं घरचं टायपिंगचं काम. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तो बिचारा सरळ माणूस होता. कचेरीचे कागद असतील तर लेझर घ्या, ती शाई पाण्याने फुटत नाही, असं त्याने आपणहून सांगितलं. मी ऐकलं, आणि रंगीत मशीनकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्यात पाखरांचे रंगीत तक्ते होते. दुसऱ्या तुकडीच्या बाईंचे तक्ते भिंतीवर बघून माझा जळफळाट व्हायचा, हेही खरंच लिहायला पाहिजे.

अहमदपूर, लोहा करत खोकं मांडीवर घेऊन मी नांदेडला आले. अब्बांनी चष्मा पुसून मशीन सगळीकडून बघितली, झाकण उघडून बघितलं, आणि पाण्याचं विचारलंस का, असं विचारलं. मी हो म्हटलं. पक्की आहे का? हो. त्यांनी मान हलवली. मास्तरीण असलेल्या लेकीवर त्यांचा फार विश्वास. त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढचे सहा-सात महिने खरंच बरे गेले. रंगीत आहे तर वापरू म्हणून मी तर्जुम्यात नावं लाल छापायला लागले. अब्बांनाही ते आवडलं, जुन्या कागदांतही मथळे लाल असायचे म्हणाले. पहिला कागद मशीनमधून बाहेर येताना ते खुर्ची ओढून पुढे बसले आणि शेवटची ओळ येईपर्यंत हलले नाहीत. रविवारी सकाळी त्यांचे कागद, दुपारी माझे तक्ते. कागद कमी पडले तर आधी त्यांचे छापायचे हा नियम मी केला होता आणि बऱ्याचदा मीच मोडत होते.

मुदखेडकडच्या एका गावातून एक मावशी आल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. साठी ओलांडलेली बाई, एकटी आलेली, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद. विहिरीजवळची जमीन त्यांच्या आईला तिच्या बापाने लग्नात दिली होती, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. भाचे म्हणत होते की सगळी जमीन आमच्या आजोबांची, आत्यानं हक्कसोडपत्रावर अंगठा द्यावा आणि माहेरची साडीचोळी चालू ठेवावी. आमच्याकडे बहिणी असाच अंगठा देतात, आणि देतात म्हणूनच त्यांना चांगलं म्हणतात. या मावशींना द्यायचा नव्हता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरात एक खोली. जमीन मिळाली तर आपल्या हक्काचं दार होईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

अब्बांनी तो कागद दोन रविवार भिंग लावून वाचला. आईचं नाव वाळवीने अर्धं खाल्लं होतं. दुसऱ्या रविवारी त्यांना ते लागलं. त्यांनी नाव मोठ्याने वाचलं आणि मावशींनी पदर तोंडाला लावला. आईचं नाव कागदावर आहे हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी ते लाल अक्षरात छापलं, अब्बांनी सही केली, शिक्का मारला. कचेरीतल्या तारखेला अवकाश होता. त्या कागद छातीशी धरून गेल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांत अब्बा गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात चार दिवस, एवढंच.

दहाव्या दिवशी बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या. त्यात मावशी आल्या. त्यांनी मला जवळ घेतलं, मुन्शीजी लई देवमाणूस होते म्हणाल्या, आणि मग पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिला. चारी कोपऱ्यांना कुंकू होतं. मधे आईचं नाव होतं तिथे लाल ओघळ खालच्या तीन ओळींवरून गेला होता. काळी अक्षरंही फुगून एकात एक मिसळली होती. खाली अब्बांची सही मात्र जशीच्या तशी होती, ती त्यांनी त्यांच्या पक्क्या शाईने केली होती.

"देव्हाऱ्यात ठिवला, रेणुकाईच्या टाकाचं तीर्थ शिंपडलं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांम्होरं आईचं नाव पुसलं. देवीच न्हाई म्हणून राहिली, बाई. भाच्यांच्या तोंडचं काढू नको म्हणली."

आता लिहिताना ते सोपं वाटतं. मला एवढंच म्हणायचं होतं की मावशी, देवीचा काही संबंध नाही, शाई कच्ची आहे. मजकूर माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. अब्बांची सही पुन्हा मिळणार नाही, पण परभणीला त्यांचे एक जुने सोबती आहेत, ते मूळ कागद वाचून सही करतील. पण मी तोंड उघडायच्या आत मोठी फुफी, अब्बांची बहीण, सगळ्यांना सांगायला लागली की बापासाठी असं ऑफिस कोणत्या लेकीनं थाटून दिलं असेल, मशीन लातूरहून मांडीवर आणली पोरीनं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दहा दिवसांत रडून झालं होतं, आणि ते कौतुक मला हवं होतं. मी कागदाची घडी केली आणि मावशींना परत दिली. त्यांनी विचारलं, तुमाला काय वाटतं? मी म्हटलं, जे होतं ते होतं. एका मास्तरणीच्या तोंडून हे वाक्य निघालं याची मला अजून शरम वाटते.

त्यांच्या जागी त्या शब्दांचा अर्थ काय झाला असेल, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना, बसमध्ये, भाकरी थापताना तो ओघळ दिसायचा. तरी दोन शनिवार मी काही ना काही निमित्त काढलं. तिसऱ्या शनिवारी नांदेडहून पुढची बस धरून मुदखेडला उतरले आणि रिक्षा करून त्यांच्या गावी गेले.

मावशी ओट्यावर सुपात हरभरा निवडत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, पाणी आणलं, चहा टाकू का विचारलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. अब्बांनी काय बजावलं होतं, दुकानदार काय म्हणाला होता, मी अब्बांशी खोटं बोलले तेही. पाणी लागलं असतं तर कोणाचंही नाव गेलं असतं, मावशी, असं म्हटलं. परभणीच्या सोबत्याचंही सांगितलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मागच्या बुधवारी भाच्यांनी गाडी आणली होती, म्हणाल्या. कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आल्या होत्या. भाच्यानं वाटेत जेवू घातलं, साडी घेतली. साडी आत पेटीवर होती, अजून घडी मोडली नव्हती.

"म्हंजे देवीनं न्हाई म्हणलंच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

त्यांनी अंगठा उलटा करून बघितला. म्हणाल्या, "मंग म्या कुणाचं ऐकलं, बाई?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते उत्तर एका शब्दाचं होतं, माझं, आणि त्याही दिवशी मी ते दिलं नाही.