अकुशल रंभाबाई

बहादरपूरच्या रंभाबाई गेली तीस वर्षे केळीच्या खोडापासून धागा काढीत आल्या आहेत. त्या अकुशल आहेत, हा शोध मात्र प्रदेश विकास मंडळाने गेल्या वर्षी लावला आणि त्यावर उपाय म्हणून शहरातल्या शनवारा भागात पंधरा दिवसांचा प्रशिक्षणवर्ग उघडला. जो एकही दिवस चुकवणार नाही त्याला प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र दाखवील त्याला धागा काढण्याचे यंत्र, असा नियम होता. हाताने खोड खरवडून रंभाबाईंचे खांदे कामातून गेले होते. यंत्रासाठी त्यांनी नाव नोंदवले.

नवव्या दिवशी मंडळाच्याच प्रचार विभागाची जीप वर्गाच्या दाराशी आली. नदीकाठी राजघाटावर आलेल्या उद्योजकांना जिल्ह्यातील निष्णात कारागीर दाखवायचा होता. रंभाबाईंनी घाटावर धागा काढून दाखवला, टाळ्याही मिळवल्या. प्रशिक्षण विभागाने कर्तव्यदक्षतेने त्यांची गैरहजेरी नोंदवली व प्रमाणपत्र नाकारले.

यंदा त्या पुन्हा वर्गात बसल्या, आणि जीपही पुन्हा आली.

"चला मावशी, पाहुणे थांबलेत," प्रचार अधिकारी गौरव महाजन म्हणाले.

"पहिले माझी हजेरी लिहून द्या, साहेब."

"हजेरी आमच्या विभागाकडे नसते."

"मंग मी बी येत नाही. मले कुठं धागा काढता येतो? शिकूनच राहिली ना मी अजून!"

पाहुण्यांना त्या दिवशी कुशल मनुष्यबळावरील भाषण ऐकवण्यात आले. रंभाबाईंनी पंधराही दिवस भरले. त्या आता अधिकृतपणे कुशल असून यंत्र त्यांच्या ओसरीवर चालू आहे.