वाटेवरची गाऱ्हाणी

देवाला कान असतील, तर ते आमच्या मावसोंनी किटवले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मावसो म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. कुडाळजवळ नदीकाठी माझं आजोळ, आणि मावसो तिथे घरजावई. बाकीच्या मुलखात माणसं डोळे मिटून देवाकडे काय ते गुपचूप मागतात. आमच्या तळकोकणात तशी सोय नाही. इथे देवाला सगळं मोठ्यानं, चारचौघांत, नावानिशी सांगायचं, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. त्याला म्हणायचं गाऱ्हाणं. लोक ते जत्रेला, लग्नाला घालतात. मावसो कोंबडी अंड्यांवर बसवतानासुद्धा घालत. माझ्या मॅट्रिकच्या वेळी त्यांनी माझी गणितातली एकूण परिस्थिती देवाच्या कानावर घातली, आणि अख्खी वाडी 'व्हय महाराजा' म्हणाली. तेव्हापासून त्या गावात मला कुणी साधा बाजारहाटसुद्धा सांगितला नाही!

त्यांच्या गाऱ्हाण्यात कुणी म्हणून सुटत नसे. माणसं झाली की बैल, बैल झाले की कुत्रा, कुत्रा झाला की वाटेनं जाणारा टपालवाला. "कोणाक सोडूचा नाय," ते म्हणत, "सोडलेल्या माणसान जावचा खंय?" या वेडापायी आमच्या कितीतरी जेवणांचा भात गार झालेला आहे.

हे वेड आलं कुठून, ते सगळ्यांना माहीत होतं. मावसोंचं मूळ घर वर माणगाव खोऱ्यात. तिथे थोरले भाऊ, दादा. गावच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान दादांचा. एका वर्षी दादांनी घरातल्या झाडून सगळ्यांची नावं घेतली, गोठ्यातल्या पाड्याचंही घेतलं, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या सख्ख्या भावाचं राहिलं. माणूस आहे, विसरतो. पण देवापुढे विसरला म्हणजे कुळातूनच काढला, असं मावसोंनी डोक्यात घेतलं आणि मावशीला घेऊन सासुरवाडी गाठली. पुढे कित्येक वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून इतकं लांबवायला आमच्याकडचीच माणसं हवीत.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची गोष्ट. मे महिन्यात मी मुंबईहून ऑफिसातल्या दोन मित्रांना घेऊन बोटीनं मालवणला उतरलो आणि आजोळी येऊन दाखल झालो. मित्रांतला मधू भलताच उत्साही. खाकी अर्धी चड्डी, पाठीला पिशवी, गळ्यात शिटी. दुसरा सदा, त्याला चालण्यापेक्षा खाण्यात रस. नदीच्या काठाकाठानं वर खोऱ्यात आरामात भटकायचं ठरलं. मावसो म्हणाले, "वाट मी दाखयतंय."

मावशीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "दादा पडून आसत म्हणतत. काय भरवसो नाय. हेंका जावचा आसा रे, पण पाय उचलणा नाय. तुमच्या फिरण्याच्या निमतान घराकडे न्ह्या. पण बोला नको हां, नायतर दारातसून परत फिरतले."

भल्या सकाळी निघालो. नदी उन्हाळ्यानं बारीक झालेली, ठिकठिकाणी कोंडात तेवढं पाणी. मधूनं शिटी फुंकली आणि आम्ही पुरते घामेजायच्या आत मावसो पहिल्या देवापाशी थांबले. वडाखालचा शेंदूर फासलेला दगड. पलीकडे कोंडावर बायका कपडे धूत होत्या. मावसोंनी हात जोडले.

"बा देवा महाराजा! हो मुंबयचो मधू. काल फणस खाऊन ह्येचा पोट बिघाडला, ता ठीक कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा," मी एकटाच म्हणालो.

"ह्येचो सायब ह्येच्यार डूख धरून आसा, तेची बुद्धी फिरव! ठाण्याचा एक चेडू ह्येका नाय म्हणता, तेका व्हय म्हणाक लाव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" कोंडावरच्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, आणि मग धुणं टाकून हसत सुटल्या. मधूची शिटी त्यानंतर बराच वेळ वाजली नाही. ठाण्याच्या मुलीची गोष्ट सदानं आदल्या दिवशी चहाबरोबर ओकली होती.

मग काय विचारता! ओढ्यावरचा साकव आला, गाऱ्हाणं. बांध आला, गाऱ्हाणं. सदा करवंदांच्या जाळीत अडकला, तर त्याला सोडवण्याआधी गाऱ्हाणं. मुंबईची ही दोन शिकलेली माणसं आधी लाजत, मग हसत, आणि शेवटी अंगात आल्यासारखी 'व्हय महाराजा' ओरडू लागली. सदा तर मावसोंना आठवण करून देई, "मावसो, माझ्या बढतीचं राहिलं."

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दादांचं घर जसजसं जवळ येत होतं, तसतसे देव वाढत होते. शेवटी शेवटी तर मावसोंना ज्यात त्यात देव दिसायला लागला. एका साध्या मैलाच्या दगडापुढे ते हात जोडून उभे राहिले, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मावसो, हा सरकारी दगड आहे."

"सरकाराकय देव आसता," ते म्हणाले. पण आवाज पार बसलेला.  मग मीही हात जोडले.

अखेर दादांच्या घरापुढच्या खळ्यात पाय ठेवला. पडवीत दादा घोंगडीवर पडलेले, नुसती हाडं राहिलेली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि दिराला बघून तशाच उभ्या राहिल्या. मावसोंनी दादांकडे पाठ केली, तुळशीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! ह्या घरात वहिनी आसा, तिका सुखी ठेव!" आम्ही म्हणालो. "तिची पोरां मुंबयक आसत, तेंका सांभाळ!" आम्ही म्हणालो. मग बैल, गाय, माड, दारातलं काजूचं झाड, आम्ही तिघं. एवढं झालं आणि मावसो थांबले. एकच नाव राहिलं होतं. ते ओठांवर येई आणि परत जाई. 

पडवीतून दादांचा आवाज आला, अगदी बारीक. "मेल्या, माझाय नाव घे रे."

मावसो वळले. जन्मभर ज्या तोंडाला खंड म्हणून नव्हता, त्या तोंडातून "दादा" एवढंच निघालं. पुढे मागणं असं काही आलंच नाही. तरी सदा गळा काढून म्हणाला, "व्हय महाराजा." मग मधूही म्हणाला, आणि मीही म्हणालो.

वहिनींनी आम्हाला जेवू घातलं. उन्हं कलली तेव्हा मावसो दादांच्या पायथ्याशी पाय चेपत बसले होते. आमच्याकडे बघून त्यांनी नुसतं 'जावा तुमी' अशी मान हलवली. परतीच्या वाटेवर आम्हाला कुठेच थांबावं लागलं नाही, आणि तो रस्ता मला मेला संपता संपेना.

मावशी दारातच उभी होती. तिनं आम्हाला तिघांना पाहिलं, मग आमच्यामागे पाहिलं. "ह्ये खंय?"

"दादांकडे रवले," मी म्हणालो. "चार दिवस येत नाहीत बहुतेक."

ती पायरीवर खाली बसली. तिच्या बापाच्या ह्या घरात मावसोंनी इतकी वर्षं काढली होती. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "रवांदेत. घराक गेले ते."