पातळी प्राथमिक

अंधेरीत आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर टायपिंगच्या दुकानात भिंतीवर टायपिंग करणाऱ्यांच्या पातळ्यांचा तक्ता होता: प्राथमिक, मध्यम, तज्ज्ञ. आणि वर्षानुवर्षं टाइपरायटर चालवलेल्या तिथल्या टायपिस्ट बाईंचं नाव प्राथमिकमध्ये! का, तर ओळ संपली की त्यांचा डावा हात जुन्या टाइपरायटरचा दांडा ढकलायला हवेत जायचा. मालक हसायचा. मी चिडून म्हटलं, "बाई, याच्याविरुद्ध पत्रक काढतो!"

"आधी तुझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं कमी कर रे, पुढारी."

मग आमच्या वस्तीला झोपड्या पाडायची नोटीस आली. एकत्र अर्ज चालणार नाही, घरटी वेगळी हरकत हवी, आणि तीही त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. बाईंनी मजकूर एकदाच टाइप केला, मी आणलेल्या यादीतली नावं वेगळ्या फाइलमध्ये भरली, दोन्ही जोडलं, आणि प्रिंटर कर्रकर्र करत प्रत्येकाच्या नावाचं पत्र काढू लागला. तक्त्यात तज्ज्ञांच्या रांगेत नाव असलेले टायपिंगचे मास्तर खुर्ची ओढून शेजारी शिकायला बसले.

मध्येच बाईंनी मशीन थांबवलं. "ही 'कै. गणपतची बायको' कोण? घर कोणाचं आता?"

"तिचंच."

"मग तिला नाव नाही?"

बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटणारा मी यादीत तिचं नाव शोधू लागलो.

"तास आहे अजून. पळ, विचारून ये."

मी पळालो, धापा टाकत परत आलो. "सुंदराबाई," मी म्हटलं.

त्यांनी टाइप केलं. डावा हात हवेत गेला. या वेळी मालकसुद्धा हसला नाही.