चारशे एकावी पेटी

हसायचं तर हसा, पण चहा माझ्या पैशाचा पिताय एवढं ध्यानात ठेवा! चौथी शिकलेल्या माणसानं बँकेला शहाणपण शिकवायला जाऊ नये. मी गेलो.

माझा बेदाण्याचा धंदा. औंदा पयल्यांदाच दुबईला माल धाडला. चारशे पेट्या. होती न्हवती ती पुंजी त्यात घातली. तिकडच्या व्यापाऱ्याची आन माझी वळख ना पाळख. म्हणून त्याच्या बँकेनं आमच्या सांगलीच्या बँकेला पत्र पाठवलं. एल.सी. म्हणत्यात त्याला. म्हंजे काय, तर तुमी माल बोटीत घाला, कागदं दावा, पैसं आमी देतो. व्यापाऱ्यानं टांग मारली तरी बँक हाय!

झ्याक! पण चारशे? शेवटाला शून्य? आवं, आपण आहेर तरी शंभराचा करतो का? एकशे एकाचा करतो! मी आपली एक पेटी वर टाकली. फुकट. कागदं करणाऱ्या एजंटाला बजावलं, "सगळीकडं चारशे एक लिव. एक भेट म्हणून."

"आण्णा, पत्रात चारशेच—"

"गप रं! माल कुणाचा हाय?"

बोट गेली. आठ दिवसांनी बँकेतल्या तांबोळी मॅडमचा फोन. "आण्णा, कागद जुळत नाहीत. एक पेटी जास्त आहे."

जास्त! कमी न्हाई, जास्त! गड्यांनो, जन्मात कवा अशी तक्रार ऐकलीय का?

तणतणत गेलो आन पिशवीभर बेदाणा मॅडमच्या टेबलावर ओतला. "खाऊन बघा!"

"आण्णा, बँक बेदाणा खात नाही. कागद वाचते."

"मग माल कोण बघतंय?"

"कुणीच नाही. दुबईच्या बँकेनं शब्द दिलाय तो कागदावर. न जुळणाऱ्या कागदावर तिनं पैसे दिले आणि व्यापाऱ्यानं हात वर केले, तर बँक बुडणार. ती कशाला धोका घेईल?"

"पण पेटी फुकट हाय की!"

"फुकट असली तरी पत्रात नाही."

"मग आता?"

"आता व्यापारी हो म्हणाला, तरच पैसे."

घ्या! ज्याच्यावर भरवसा न्हवता म्हणून एवढं पत्राचं लचांड, फिरून त्याच्याच पायाशी!

सहा दिवस घास गिळंना. बायको रोज ताटात एक भाकरी जास्त वाढायची आन म्हणायची, "खावा. भेट हाय."

सातव्या दिवशी व्यापारी हो म्हणाला. पैसं आलं. वर त्याला बेदाणा लय आवडला, नव्या मालासाठी बँकेकडं दुसरं पत्रसुदीक आलं! इंग्रजीत. मी कशाला वाचतोय? शिकलो हुतो की आता! शेडात सोता उभा राहून पेट्या मोजल्या. चारशे. वर एक दाणा न्हाई.

एजंट कागद हालवत आला. "आण्णा, ह्या खेपेला पत्रात—"

"गप रं! चारशे म्हंजे चारशे!"

बोट सुटली. मॅडमचा फोन.

"आण्णा, एक पेटी कमी आहे."

"कमी? चारशे हायती की!"

"हो. पण व्यापाऱ्याला वाटलं, तुमच्याकडे माल असाच मोजतात. ह्या वेळी त्यानं पत्रच चारशे एकचं काढलंय."