विहिरीतली आसरा आणि माझी पहिली फिल्म

जळगाव जामोदच्या स्टँडवर माय एसटीच्या खिडकीखाली उभी होती आणि मला एकेक भीती शिदोरीसारखी बांधून देत होती. "पुण्यात नदी हाये म्हणतात बापू. काठाले जाऊ नोको. कोणी काही देलं त खाऊ नोको." शेजारचा माणूस हसला. मला हसू येईना. गाडी पंक्चर व्हावी म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलत होतो. नांदुऱ्याचं रेल्वे स्टेशन आलं तरी ती झाली नाही.

शाळेतल्या सोबत्यांनो, तुमच्यातले बरेच गावी राहिलात, काही जण माझ्यासारखे निघालात. तुम्हाला वाटायचं, हा सिनेमा शिकायला गेला म्हणजे मजेत असणार. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि पुण्यात मीही नवाच. तोंड उघडलं की 'मले' बाहेर पडायचं आणि अख्खा वर्ग वळून बघायचा, म्हणून मी तोंडच उघडत नसे. पण वर्षअखेरीला प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. कोणत्या प्रकारची, गोष्ट काय, हे सर्वांसमोर सांगायचं. सरांना पटली नाही तर पुढचं वर्ष नाही, गाशा गुंडाळायचा. कुणी विनोदी निवडली, कुणी खुनाची. बहुतेकांनी मुलगा वयात येतो ती: सायकल, टेकडी आणि एक मुलगी. मी मुलीशी कधी बोललोच नव्हतो. मला एकच गोष्ट चांगली येत होती, घाबरणं. मी भुताची फिल्म निवडली.

भूत आमच्याच शेतातलं. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. तिच्या पाण्यात आसरा राहते, हिरव्या लुगड्यातली, काठाशी आलेल्या पोराचा पाय धरून ओढते, असं माय सांगायची. सर म्हणाले, "ती दिसते कशी, ते नीट विचारून ये. नाहीतर लोक हसतील."

दिवाळीत घरी गेलो. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मी विचारलं, "माय, आसरा दिसते कशी वं?"

तिचा हात थांबला. "म्या कुठं पाह्यली बापू? तुहा बाप बाजाराले जाये. मी निंदाले वाकली का तू विहिरीकडं पळे. मले पवता येते काय? तू पडला असता त म्या काय केलं असतं? म्हून बसवली तिथं."

आसरेला जितका भ्यालो नव्हतो, तितका त्या क्षणी भ्यालो. जिच्या पाठीमागे मी लपायचो ती बाई स्वतःच सगळा वेळ भ्यालेली होती. मग माझ्यासाठी न भिणारं जगात होतं तरी कोण?

"हे सिनेमात सांगशीन?" तिनं हळूच विचारलं. "मंग साऱ्या पोरायले समजन, का विहिरीत कोणी नाही. उतरतीन ना ते."

परतीच्या गाडीत माझा डोळ्याला डोळा लागला नाही. खरं दाखवावं तर मायची धास्ती, न दाखवावं तर फिल्म कसली. शेवटी सरांपुढे उभा राहिलो. "सर, भुताची नाही करत. वयात येण्याची करतो."

"मुलगी कोण बे?" मागून कुणीतरी माझ्याच बोलीची नक्कल केली आणि वर्ग खिदळला. मी खाली बघून भडाभडा सांगून टाकलं. एका पोराला कळतं, की विहिरीत कुणी नाही. मायला पोहता येत नाही म्हणून तिनं आसरा बसवली. दुसऱ्या दिवशी त्याची धाकटी बहीण विहिरीकडे निघते, तेव्हा तो ओरडतो, "जाऊ नोको, आसरा हाये!"

"म्हणजे तोही खोटंच बोलतो," सर म्हणाले.

"तो मोठा झाला न सर."

वर्गात कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "कर."

फिल्म झाली, गावाकडे मी ती कधी नेली नाही. मी पुण्यातच राहिलो. पुढे माय गेली, विहीरही बुजवली. आता गावी गेलो की भाऊबंद पोटभर जेवू घालतात, पण अंधाराचं कुठं चाललास म्हणून कुणी दरडावत नाही. फार वर्षं वाटायचं, आपलं घर संपलं.

माझी मुलगी आता कॅनडात असते. तिथलं तळं गोठलं की माणसं वरून चालत जातात म्हणे. परवा फोनवर म्हटलं, "बर्फाखाली काय असतं, तुला माहीत नाही." ती हसली, "काय असतं बाबा?" मी आसरेसारखंच काहीतरी रचून सांगितलं. "बरं, नाही जात," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा माझे हात गार पडले होते. घर कुठं आहे हे आता मी शोधत नाही. मागे राहून जो घाबरतो, त्याच्यापाशी ते असतं. सध्या ते माझ्याकडे आहे.