चाळीस घरांची शीट

टेम्पो घाटकोपरच्या आमच्या गल्लीतून बाहेर पडला तेव्हा बाबांच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. मागे कपाट हेलकावे खात होतं, तिकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. रस्ता रुंद होणार होता, चाळीस घरं तुटणार होती आणि आम्हा सगळ्यांना माहुलला खोल्या मिळाल्या होत्या. मालवणहून गिरणीत आलेला हा माणूस दुसऱ्यांदा घर सोडत होता. मला एवढंच म्हणाले, "कागद सांभाळ गो. आता आपण म्हणजे ह्येच."

मी साकीनाक्याला एका ऑफिसात होते. दिवसभर एक्सेल, कॅलेंडर, रिमाइंडर. म्हणून गल्लीची यादी माझ्याकडे आली. प्रत्येकाचं नाव, जुना घर नंबर, नवी खोली, आजार. कागदांचे फोटो ड्राइव्हवर, लिंक ग्रुपवर. घाटकोपरला हाक मारली की माणूस दारात यायचा. माहुलला सात मजले आणि हवेत सतत रिफायनरीचा वास. सगळे दारं लावून बसायचे. तिथे आम्ही एकमेकांना त्या शीटमध्येच सापडायचो. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी आजारी माणसांना दुसरीकडे खोल्या देण्यासाठी पालिकेने अर्ज मागवले. मुदत कमी होती. सगळ्यात निकड पारुळेकर काकूंची, त्यांना दमा होता. त्यांची वैशाली माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. यादी अक्षरांप्रमाणे लावावी म्हणून मी नावांचा कॉलम निवडला आणि सॉर्ट केला. फक्त नावांचा. नावं हलली, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. प्रत्येकापुढे दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचा आजार.

प्रिंट काढण्याआधी बाबा म्हणाले होते, "कागद बघितलंस, आता एकेक माणूस बघ."

"बाबा, कम्प्युटर चुकत नाही," मी म्हटलं.

त्या यादीवरून भरलेले सगळे अर्ज कागदांशी जुळत नाहीत म्हणून परत आले. फाइलची जुनी आवृत्ती काढून शीट नीट करायला मला दहा मिनिटं लागली. अर्जांची पुढची फेरी यायला आठ महिने. काकू पाचव्या महिन्यात गेल्या.

तेराव्यानंतर वैशाली जिन्यात भेटली. "तू मुद्दाम नाही केलंस, माहितीय मला. पण तुझ्याशी बोलवत नाही गं." मग तिने ग्रुप सोडला. बाकी कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या फेरीत बाबांच्या आजारपणामुळे आम्हाला मुलुंडला खोली मिळाली. वैशाली माहुललाच राहिली. मागच्या महिन्यात ती दारात उभी. आईच्या नावावरची खोली तिच्या नावावर करायची होती. फॉर्म पुढे करत म्हणाली, "तूच बघ. चूक कुठे होते ते तुला माहितीय ना." ती एकेक ओळ वाचत गेली, मी कागदाशी ताडत गेले. आईच्या नावापुढे 'मयत' होतं. ते तिने इतर शब्दांसारखंच वाचलं. चहा न घेता गेली.

गल्लीतल्यांनो, तुमच्यातले काही बोरिवलीला गेलात, काही गावी परतलात, काही अजून माहुललाच आहात. तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मुलुंडची माणसं चांगली आहेत, मला हुशार समजतात. त्यांच्यात घरी असल्यासारखं वाटत नाही. माझ्या हातून काय झालं ते ज्यांना माहीत आहे, ती माणसं जिथे आहेत, तेच माझं घर. तिथे जायची भीती वाटते, आणि आपलं म्हणावं असं दुसरं काही नाही.