पित्ताचं इंजेक्शन

“पित्त झालंय मॅडम, एक सुई मारा. लगेच उतरंल,” सासूबाई म्हणाल्या.

सून अश्विनी त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती. पहाटेपासून पोटात दुखत होतं, उलट्या झाल्या होत्या. दौंड तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडी दारापर्यंत भरलेली. डॉक्टर मी एकटीच; दुसरी पोस्ट रिकामी.

मी इंजेक्शन लिहायला घेतलं. लिहिता लिहिता विचारलं, “अजून काही होतंय?”

“डोळं उघडंना झालंत.” अश्विनीची जीभ जड लागत होती.

मी पेन ठेवलं. “वर बघ.” बुबुळं जरा हलली, पापण्या उचलल्याच नाहीत. एका श्वासात आकडे मोजायला लावले, तर मध्येच दम संपला.

“रात्री कुठं झोपला होता?”

“कांद्याच्या वखारीपाशी, खाली गोधडीवर,” नवरा संतोष म्हणाला. “पण साप न्हाई चावला. सगळं अंग बघितलंय म्या.”

मण्यार चावला की बऱ्याचदा असंच होतं. दात बारीक, खूण दिसत नाही, सूज येत नाही. आधी पापण्या पडतात, मग श्वासाचे स्नायू बंद पडतात. व्हेंटिलेटर पुण्यात. आमच्याकडे सापाच्या विषावरचं औषध होतं, पण त्याचीही जोरदार रिॲक्शन येऊ शकते.

वरिष्ठांना फोन लावला.

“खूण नाही ना? मग रिस्क कशाला घेता? रेफर करा.”

“सर, रस्त्यात श्वास थांबला तर?”

“तुमची जबाबदारी.” फोन बंद.

१०८ची रुग्णवाहिका हायवेवरच्या अपघाताला गेलेली. संतोष म्हणाला, “भावाची जीप हाय. आम्ही नेतो पुण्याला.”

“जीपमध्ये श्वास बंद पडला तर कोण देणार? तुम्ही?”

मी सलाईनमधून औषध सुरू केलं. थोड्याच वेळात अंगावर गांध्या उठल्या, बीपी पडलं. औषध थांबवलं, रिॲक्शनसाठी भरून ठेवलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. बीपी वर आलं तसं औषध पुन्हा हळूहळू चालू केलं.

मग केंद्राच्याच गाडीतून निघालो; मी, सिस्टर आणि संतोष. भांडगाव मागे पडलं आणि तिची छाती हलायची थांबली. मास्क तोंडावर दाबला आणि अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबायला लागले. हात भरून आले की सिस्टर दाबायची. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की संतोष खाली उतरून ओरडायचा, “बाजू द्या ओ, बाजू द्या!”

पुण्यात व्हेंटिलेटर मिळाला. काही दिवसांनी घशातली नळी निघाली. अश्विनी वाचली.

त्या दिवशी संध्याकाळी मी केंद्रावर परतले, तेव्हा ओपीडी रिकामी होती. शिपाई म्हणाला, “सगळ्यांना उद्या या म्हणलं मॅडम. दुसरं काय सांगणार?”

एकाच डॉक्टरच्या केंद्रात एक पेशंट वाचवायचा म्हणजे बाकीच्यांना परत पाठवायचं. त्यांच्यातले काही दुसऱ्या दिवशी आले. जे आले नाहीत, ते बरे झाले म्हणून आले नाहीत, असं मी धरून चालते.